गोगलगायीच्या शंखात साठलेलं हिमयुग

गेल्या अंकात अर्ध्या पानाचं एक टिपण दिलं होतं, शेवटचं हिमयुग संपल्यावर जमिनीवरच्या गोगलगायींच्या वस्त्या कशा बदलत गेल्या त्यावर. त्यावर कागलपासून गगनबावड्यापर्यंत पत्रं आली, व्हॉट्सअॅपवर फोटो आले, एका वाचकांनी तर काडेपेटीत कापसावर ठेवून चार शंख पाठवले. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमत नाही, पण ज्या प्रश्नांत बऱ्याच जणांची शंका येते ते इथं घेतलेत.

हिमयुगात सगळीकडे बर्फ होता म्हणतात, मग आपल्या कोल्हापुरात पण होता का? आणि एवढ्याशा शंखावरनं हजारो वर्षांपूर्वीचं हवामान कसं काय कळतं? मुलांनी वर्गात विचारलं आणि मला नीट सांगता आलं नाही.
— एक शिक्षक, कागल

सर, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो कळला की पहिल्याचं उत्तर सोपं जातं.

गोगलगाय मेली की अंग कुजून जातं पण शंख राहतो, आणि शंख म्हणजे चुनाच, कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे माती जर चुनखडीची असेल तर तो तिथं हजारो वर्षं तसाच पडून राहतो. दुसरं म्हणजे ही बया लांब कुठं जात नाही, जिथं अंड्यातनं बाहेर आली त्याच्या आसपासच जगते आणि तिथंच मरते. जुन्या मातीतले परागकण बघून पण हवामान सांगतात, पण परागकण वाऱ्यावर कुठून कुठं उडत येतात, म्हणजे पन्नास किलोमीटरवरच्या झाडाचा कण तुमच्या बांधावर सापडू शकतो, शंखाचं तसं नाही, तो बहुतेक वेळा तिथलाच असतो. आणि तिसरं, प्रत्येक जातीची आवड ठरलेली असते, एकीला उघडं माळरान लागतं, एकीला ओला पालापाचोळा, एकीला कुजलेलं ओंडकं, एकीला झऱ्याच्या कडेची दलदल. म्हणजे मातीचा एक थर घेतला आणि त्यात कुठल्या जातीचे किती शंख आहेत ते मोजलं की त्या वेळी तिथं झाडी होती का गवत, ओल होती का कोरडं, हे बऱ्यापैकी सांगता येतं.

आता युरोपात काय दिसतं बघा. साधारण २६,००० ते १९,००० वर्षांपूर्वी थंडी कळसाला होती, उत्तर युरोपवर बर्फाची प्रचंड चादर होती आणि तिच्या दक्षिणेला झाड नसलेला, थंड, कोरडा गवताळ प्रदेश, जिथं वारा सतत पिवळसर बारीक धूळ आणून टाकायचा. त्या धुळीच्या कित्येक मीटर जाडीच्या थरांना लोएस म्हणतात. त्या लोएसमध्ये शंख हजारांनी सापडतात पण जाती मोजून थोड्या, पुपिलाच्या दोनतीन जाती, व्हॅलोनिया टेनुइलाब्रिस, कोलुमेला कोलुमेला, सगळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक. यातल्या काही आज युरोपात जवळपास कुठंच जिवंत मिळत नाहीत, त्यामुळे बरीच वर्षं असा समज होता की ती वस्ती पृथ्वीवरनंच गेली, तिच्यासारखं आज काही नाही. मग चेक संशोधक मिखाल होरसाक आणि त्यांचे सहकारी दक्षिण सायबेरियात अल्ताई पर्वताच्या भागात गेले आणि तिथल्या थंड गवताळ उतारांवर, ओल्या कुरणांवर त्याच जाती जिवंत, त्याच एकत्र राहताना सापडल्या. त्यांचं हे काम २०१० मध्ये छापून आलं. म्हणजे वीस हजार वर्षांपूर्वीचा मध्य युरोप कसा होता हे बघायचं असेल तर आज अल्ताईला जायचं. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा रात्रभर डोक्यातनं गेली नव्हती.

११,७०० वर्षांपूर्वी हवा एकदम गरम झाली आणि बदल सुरू झाला. आधी बर्च, पाइन, मग हेझल, ओक, एल्म अशी झाडं येत गेली, सावली दाट झाली, आणि गोगलगायी त्यांच्या मागनं. इंग्लंडात केंट भागात फोकस्टनजवळ हॉलिवेल कूम म्हणून एक जागा आहे, इंग्लिश खाडीखालचा रेल्वेचा बोगदा करायच्या आधी तिथं खोदून तपासलं गेलं आणि हा सगळा क्रम एकावर एक थरात मिळाला. खाली उघड्या माळावरच्या जाती, त्यावर ओल्या पाल्यातल्या बारीक जाती, त्यावर डिस्कस रुडेराटस नावाची एक चपटी गोगलगाय, आणि थोडं वर आलं की ती गायब आणि तिच्या जागी तिचीच चुलतबहीण डिस्कस रोटुंडाटस. पहिली थंड जंगलातली, आज ती उत्तरेकडं आणि उंच डोंगरात राहते, दुसरी उबदार जंगलातली. मायकेल कर्नी यांनी या क्रमाचे टप्पे पाडले आणि इंग्लंडच्या त्या भागात कुठलाही थर हाती आला की तो कुठल्या टप्प्यातला हे शंखांवरनं सांगता येऊ लागलं.

मुलांना सांगताना एक गोष्ट जरूर सांगा. सगळ्या जाती मिळून एक जंगल सोडून दुसरीकडं गेल्या असं झालं नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेला सासनकाठ्या जशा वेगवेगळ्या गावांतनं, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वाटेनं निघतात आणि डोंगरावर एकत्र दिसतात, तसं. प्रत्येक जात आपल्या चालीनं आली, कुणी लवकर, कुणी तीन-चार हजार वर्षांनी, आणि काही तर आल्याच नाहीत. ड्रोबासिया बनाटिका नावाची चांगली मोठी गोगलगाय आधीच्या उबदार काळात, म्हणजे सव्वा लाख वर्षांपूर्वी, मध्य युरोपात लांबवर पसरलेली होती, तिचे शंख तिथं जुन्या थरात मिळतात, पण या वेळी ती कार्पेथियन डोंगरांच्या आसपासच थांबली. तीच झाडं परत आली, हवा परत तशीच झाली, ती मात्र परत आली नाही. म्हणून एकदा एखाद्या ठिकाणची वस्ती मोडली की हवामान सुधारल्यावर ती आपोआप जशीच्या तशी उभी राहील हे मला पटत नाही.

आणि या सगळ्यापेक्षा मोठी उलथापालथ पुढं आहे. इंग्लंडात साधारण सहा हजार वर्षांपूर्वी शेती आली आणि जंगलतोड सुरू झाली. जॉन इव्हान्स यांनी तिथल्या चुनखडीच्या टेकड्यांवर पाच-सहा हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या बांधांखाली दबलेली जमीन तपासली तेव्हा खाली जंगलातल्या गोगलगायी आणि वरच्या थरात परत माळरानावरच्या, व्हॅलोनिया, पुपिला, असं पुन्हा पुन्हा निघालं. नुसत्या याद्या बघितल्या तर वाटेल हिमयुग परत आलं. पण आलं नव्हतं, हवा गरमच होती, कुऱ्हाड आली होती. फरक कसा ओळखतात, तर खऱ्या थंडीतल्या ज्या जाती आहेत, म्हणजे कोलुमेला कोलुमेला किंवा व्हॅलोनिया टेनुइलाब्रिस, त्या परत येत नाहीत, फक्त उघड्यावर राहणाऱ्या येतात, आणि त्यांच्या जोडीला पोमाटियास एलेगन्ससारखी, जिला नांगरून-उकरून भुसभुशीत केलेली माती आवडते ती वाढते, शिवाय त्याच थरात कोळसा, खापरं मिळतात. हवामानाला जे करायला हजारो वर्षं लागली ते माणसानं काही पिढ्यांत केलं आणि शंखांनी ते नोंदवून ठेवलं.

आता कोल्हापूर. नाही सर, सह्याद्रीवर बर्फ नव्हता, हिमालयात होता. आपल्याकडं हिमयुग म्हणजे दुष्काळ. नैऋत्य मान्सून कमजोर झाला होता, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती म्हणजे कोकणचा किनारा पश्चिमेला बराच लांब होता. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथं साधारण २५,००० वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळालीत, त्यावर माणसानं कोरलेली नक्षी पण आहे. महाराष्ट्रात शहामृग पळत होते म्हणजे जमीन किती उघडी आणि कोरडी असेल बघा. नीलगिरीच्या दलदलीतल्या कुजलेल्या गाळावर रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी काम केलं, ते १९९३ मध्ये छापलं गेलं, त्यातही थंडीच्या कळसाच्या वेळी कोरड्या हवेतलं गवत वाढलेलं आणि साधारण दहा हजार वर्षांपूर्वी पाऊस जोरात परत आलेला दिसतो. म्हणजे युरोपातल्या गोगलगायींचा प्रश्न थंडीचा होता, आपल्या गोगलगायींचा पाण्याचा.

मुलांना हे डोळ्यांनी दाखवायचं असेल तर जिल्ह्यातच दाखवता येतं. शिरोळला वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, गगनबावड्याला त्याच्या कितीतरी पट, आणि मध्ये जेमतेम शंभर किलोमीटर. पावसाळ्यात एकदा पूर्वेकडनं पश्चिमेकडं जाताना चार ठिकाणी थांबून पाल्याखाली बघा, बांधावर मिळते ती वेगळी, पन्हाळ्याच्या झाडीत वेगळी, घाटमाथ्यावर वेगळी. हिमयुग संपताना जे हजारो वर्षांत झालं त्याचा अंदाज दीड-दोन तासाच्या प्रवासात येतो.

आमच्या सोयाबीनमध्ये अन् उसात ह्या शंखी गोगलगायींनी नुसता उच्छाद मांडलाय. आमचा म्हातारा म्हणतोय आमच्या टायमाला असलं काय न्हवतंच. तुम्ही म्हणताय गोगलगाय हजारो वर्षं हितंच हाय, मग खरं कुणाचं?
— एक शेतकरी, हातकणंगले तालुका

दादा, वडिलांचं बरोबर आहे. तुमच्या शेतातली ही आपली नव्हेच. ही आफ्रिकेतली, लिसाचाटिना फुलिका. पूर्व आफ्रिकेतनं ती हिंदी महासागरातल्या बेटांवर गेली आणि १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रजानं, जो स्वतः गोगलगायींचाच अभ्यासक होता, मॉरिशसहून आणून कोलकात्यात चौरंगीच्या एका बागेत सोडली. तिथनं ती रोपांच्या कुंड्यांतनं, मातीतनं, मालाच्या गाड्यांतनं देशभर गेली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीनचं काय झालं ते तुम्ही ऐकलंच असेल, पेरून उगवलेलं कोवळं पीक रातोरात खाल्लं, लोकांना दुबार पेरणी करावी लागली.

आपल्या सह्याद्रीतल्या जाती अडीचशेच्या वर आहेत, त्यातल्या तीन चतुर्थांशाच्या आसपास जगात दुसरीकडं कुठंच नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक कुजका पाला, बुरशी, शेवाळ खाऊन जगतात. त्या तुमच्या पिकाच्या वाटेला सहसा जात नाहीत. म्हणून एक विनंती आहे, मारायच्या त्या ओळखून मारा. आफ्रिकन शंख लांबट, टोकदार, तपकिरी, त्यावर उभे पट्टे, पूर्ण वाढ झालेली बोटाएवढी लांब किंवा त्याहून मोठी.

उपाय म्हणाल तर वेचणं हाच खरा, आणि तोही गावानं मिळून एकाच आठवड्यात, कारण तुम्ही वेचल्या आणि शेजाऱ्यानं नाही तर आठ दिवसात परत हायत. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाला टाका, पहाटे त्याखाली जमलेल्या गोळा करा, हातात ग्लोव्हज घालूनच, कारण माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारा एक बारीक जंत यांच्या अंगात असू शकतो. गोळा केलेल्या मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. बांधाच्या कडेनं कोरड्या चुन्याचा चार बोटं पट्टा मारला तर त्या ओलांडत नाहीत, पण पाऊस पडला की परत मारावा लागतो. यांच्यातली प्रत्येक गोगलगाय नर पण असते आणि मादी पण, त्यामुळे प्रत्येक जण अंडी घालते, एका वेळी शंभर-दोनशे, मातीत साबुदाण्यासारखी दिसतात, ती दिसली की उकरून नष्ट करा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात पण कुत्री, जनावरं खाऊन मरतात, आपल्या गोगलगायीही मरतात, तेव्हा अगदीच हाताबाहेर गेलं तरच, तेही कृषी खात्यातल्या माणसाला विचारून आणि झाकून ठेवून.

अजून एक सांगतो. मे संपताना दाजीपूर, राधानगरीला काजवे बघायला एवढी गर्दी होते, त्या काजव्यांच्या बऱ्याच जातींच्या अळ्या गोगलगायी खाऊनच मोठ्या होतात. जंगलाच्या कडेच्या शेतात सरसकट विष टाकलं तर पुढं तिथं अंधारच राहील.

मी अकरावी सायन्सला आहे. गोगलगाय एवढी हळू चालते, मग बर्फ वितळल्यावर ती दक्षिण युरोपातून इंग्लंडपर्यंत पोचलीच कशी? हिशोब बसत नाही.
— एक विद्यार्थिनी, राधानगरी

तुझा हिशोब बरोबर आहे, बसत नाहीच. समज एखादी जात वर्षाला दहा मीटर सरकली, तर दहा हजार वर्षांत शंभर किलोमीटर. बाल्कनमधनं इंग्लंड दोन हजार किलोमीटर. म्हणजे एकतर ती आधीपासनं जवळ कुठंतरी लपलेली होती, नाहीतर तिला कुणीतरी उचलून नेलं. दोन्ही खरं आहे.

लपण्याचं आधी सांगतो. सगळं उजाड झालं तरी एखाद्या घळीत, दक्षिणेकडं तोंड असलेल्या खडकाखाली, झऱ्याच्या कडेला थोडी ऊब, थोडी झाडी राहते, तिथं थोड्या जाती टिकतात आणि दिवस पालटले की तिथनं पसरतात. याच्या उलटंही होतं, आणि ते मला जास्त आवडतं. अमेरिकेत आयोवा राज्यात डिस्कस मॅक्लिंटॉकी म्हणून एक गोगलगाय आहे, शंख पाऊण सेंटीमीटरचा. १९२८ मध्ये तिचं नाव ठेवलं गेलं ते जुन्या थरातल्या शंखावरनं, सगळ्यांना वाटलं ही हिमयुगासोबतच संपली. १९५५ मध्ये ती जिवंत सापडली. कुठं, तर चुनखडीच्या काही उतारांवर जिथं जमिनीतल्या भेगांत हिवाळ्याचा बर्फ साठून राहतो आणि उन्हाळाभर त्या फटींतनं फ्रीज उघडल्यासारखी गार हवा बाहेर येत असते. बाहेर आयोवाचा उन्हाळा आणि त्या हातभर जागेत अजून हिमयुग चालू. १९७८ मध्ये तिला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घेतलं आणि १९८९ मध्ये तिच्यासाठी आणि तिथल्या एका दुर्मिळ फुलझाडासाठी राखीव क्षेत्र केलं.

आता उचलून नेण्याचं. तुझ्या अंगणात चष्मेवाला येतो ना, हिरवा, डोळ्याभोवती पांढरी कडी असलेला? त्याच्या जपानी भाऊबंदांना हाहाजिमा बेटावरची अडीच मिलिमीटरची एक गोगलगाय खायला घालून बघितली, २०१२ चं काम आहे, तर शंभरातल्या चौदा-पंधरा विष्ठेतनं जिवंत बाहेर आल्या, बुलबुलाच्या पोटातनंही तशाच, आणि एकीनं तर बाहेर आल्यावर पिल्लं पण दिली. पक्षी तेवढ्या वेळात किती लांब उडतो विचार कर. शिवाय पुरात वाहणारे ओंडके आहेत, आणि माणूस तर आहेच. आयर्लंडमधल्या पट्टेवाल्या सेपिया गोगलगायींचे जीन्स २०१३ मध्ये तपासले तर त्या शेजारच्या इंग्लंडमधल्यांशी नाही, थेट पिरेनीज डोंगराच्या भागातल्यांशी जुळल्या, म्हणजे साधारण आठ हजार वर्षांपूर्वी होडीतनं माणसांनीच नेल्या असाव्यात, बहुतेक खायला. उत्तर आफ्रिकेत त्या काळातल्या माणसांनी खाऊन टाकलेल्या शंखांचे अक्षरशः ढीग आहेत.

आणि वाट बघायची ताकद. शंखाचं तोंड पापुद्र्यानं बंद करून त्या महिनोन् महिने झोपतात. इजिप्तच्या वाळवंटातली एक गोगलगाय मेली समजून १८४६ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पुठ्ठ्यावर चिकटवली होती, १८५० मध्ये ती जिवंत निघाली. मान्सून कमजोर होता तेव्हा आपल्याकडच्या जातींना हाच गुण कामाला आला असणार असं मला वाटतं, आणि ओल धरून ठेवणाऱ्या घळी. आज तुमच्या भागातल्या देवराया तेच काम करतायत. तुझ्या गावाला देवराई असेल तर तिथला पालापाचोळा झाडून जाळू देऊ नकोस एवढं गावात सांग.

माझ्या नातवाला आंबा घाटात फिरायला गेल्यावर एक गोगलगायीचा शंख मिळाला, तो डाव्या बाजूचा आहे. असा शंख घरात ठेवणं चांगलं का वाईट?
— एक आजी, शाहूपुरी

आजी, वाईट काही नाही, पण भाग्याचाही म्हणता येत नाही, कारण सह्याद्रीत अरिओफँटा नावाच्या गटातल्या गोगलगायी मुळातच डाव्या वळणाच्या असतात. शंखाचं टोक वर धरून तोंड आपल्याकडं केलं आणि ते डाव्या हाताला आलं की ती डावी. जगातल्या बहुतेक गोगलगायी उजव्या, त्यामुळे नातवाला वेगळं वाटलं, मुलाची नजर चांगली आहे. उजव्या-डाव्याची वीण जमणं अवघड असतं, अंगाची ठेवणच उलटी असते ना, पण डावं असण्याचा फायदाही होतो. जपानमध्ये एक गोगलगायखाऊ साप आहे, त्याच्या उजव्या जबड्यात दात जास्त, उजव्या गोगलगायी ओढून काढायला सोयीचे, आणि डावी समोर आली की त्याची पकड सुटते.

तुमच्या पिढीला एक म्हण माहीत असेल, गोगलगाय नि पोटात पाय. आपण ती साळसूद माणसाला लावतो, पण प्राणिशास्त्राच्या मराठी पुस्तकात या प्राण्यांच्या वर्गाचं नावच उदरपाद आहे, पोट हाच पाय. नातवाला हे नक्की सांगा. शंख रिकामा असेल तर ठेवा, आत जीव असेल तर पुढच्या वेळी तिथंच सोडायला सांगा.

शंखाचं कार्बन डेटिंग खात्रीचं असतं का?
— एक निवृत्त इंजिनिअर, गडहिंग्लज

कार्बन डेटिंग म्हणजे वस्तूतल्या कार्बनवरनं तिचं वय काढणं, आणि ते नुसत्या शंखावरनं खात्रीचं नाही. गोगलगायी चुना मिळवायला चुनखडी खरवडून खातात, त्या दगडातला कार्बन लाखो वर्षांचा जुना, तो शंखात गेला की वय आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, चुनखडीच्या प्रदेशात तीन हजार वर्षांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून त्याच थरातला कोळसा किंवा बी मिळालं तर ते तपासून ताळा करतात. आपला काळा दगड लाव्हाचा आहे पण पूर्वेकडच्या काळ्या रानात चुनखडीचे खडे असतातच, तेव्हा इथंही ही काळजी घ्यावी लागेल.

आम्हाला स्वतः काही करून बघता येईल का? आमच्या वाडीत पुराच्या पाण्यासोबत दरवर्षी खूप कचरा येतो, त्यात बारीक शंख दिसतात.
— बचत गटाच्या एक ताई, करवीर तालुका

ताई, पुराचा कचरा ही गोगलगायीवाल्यांची जगभरातली आवडती जागा आहे. रिकाम्या शंखात हवा असते, ते तरंगतात, आणि पाणी उतरलं की कुंपणाला, बाभळीला काड्यांच्या ढिगात अडकून बसतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेच्या काठानं असले ढीग किती होते, तेव्हा घरं साफ करायच्या गडबडीत कुणाला सुचणार, आणि सुचू पण नये. पण साध्या पुरानंतर जरूर करा.

काठीनं आधी ढीग हलवा, साप-विंचू असतात. मग पाटीभर कचरा आणून सावलीत वाळवा. मोठ्या काड्या काढून टाका, उरलेलं पिठाच्या चाळणीनं चाळा, कारण खरे महत्वाचे शंख एक-दोन मिलिमीटरचे असतात आणि मोठ्या जाळीतनं ते सगळे निसटतात. माती जास्त असेल तर पूर्ण वाळवून बादलीभर पाण्यात सोडा, शंख वर येतात, चहाच्या गाळणीनं काढून घ्या. काळ्या कागदावर पसरून भिंगानं बघा, उचलायला ओल्या केलेल्या ब्रशचं टोक वापरा, चिमटीत फुटतात. मोजताना तुकडे मोजायचे नाहीत, टोक शाबूत असलेलाच शंख एक धरायचा, नाहीतर एकच गोगलगाय चारदा मोजली जाते.

एक मात्र ध्यानात ठेवा, पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती असं सगळीकडचं पाणी येतं, त्यामुळे पुराच्या कचऱ्यातनं वरच्या अंगाला कुठल्या जाती आहेत याची यादी कळते, कुठली कुठं राहते ते नाही. ते बघायचं तर एकच बांध किंवा एकच आंब्याचं झाड धरा आणि दर पावसाळ्यात तिथलाच पाला तेवढाच, एक घमेलं, तपासा. जांभ्याच्या पठारावर कमी मिळतील, तिथं चुनाच नाही, आणि घाटातल्या मुसळधार पावसाच्या आंबट मातीत शंख लवकर विरघळतात, म्हणून तिकडं जुने शंख शोधायला जाऊ नका. अभयारण्यात तर परवानगीशिवाय काहीच उचलायचं नाही.

शंख ठेवायला होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या मस्त होतात. नाव कळलं नाही तरी चालेल, शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र विभाग आहे, तिथं दाखवता येतील. पण प्रत्येक बाटलीत चिठ्ठी हवीच, गाव, नेमकी जागा, तारीख, आणि तिथं ऊस होता का गवत का झाडी. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, पेनची शाई ओल लागली की पसरते.